लाजऱ्याची तालीम

साहित्यिक मंडळींच्या बैठकीत एखाद्याने 'आम्ही जिममध्ये जाऊ लागलो आहोत' असे जाहीर करावे आणि पुढे काय होते ते पाहावे. हा प्रयोग आम्ही केला आहे. प्रथम हशा पिकतो. मग एकजण आपल्या दंडाकडे निरखून पाहत 'अजून काही दिसत नाही बुवा' असा शेरा मारतो. दुसरा एखाद्या सिनेनटाचे नाव घेतो. तिसरा, जो वयाने आणि अधिकाराने मोठा असतो, तो गंभीर होऊन सांगतो, की त्यापेक्षा सकाळी तासभर फिरायला जावे; व्यायामही होतो आणि चिंतनही. त्याच बैठकीत एखाद्याने आपण सिगारेट पुन्हा सुरू केल्याचे सांगितले असते, तर त्याला इतकी स्पष्टीकरणे द्यावी लागली नसती.

हा हशा निरुपद्रवी आहे असे आम्हांला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही. जो मुळातच बुजरा आहे, ज्याने शाळेत असताना खेळाच्या तासाला पोटात दुखत असल्याचे सांगून झाडाखाली पुस्तक वाचले आहे, आणि जो चाळिशी-पंचेचाळिशीत पहिल्यांदाच शरीराचा विचार करू लागला आहे, त्याला घरी परत पाठवण्यास हा हशा पुरेसा असतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की अशा माणसाने जिममध्ये अवश्य जावे. त्याला परावृत्त करण्यासाठी आपल्या वर्तुळात जे युक्तिवाद फिरत असतात, त्यांतला एक साफ खोटा आहे, एक अर्धा खरा आहे आणि एक पूर्ण खरा आहे. त्या क्रमानेच आम्ही त्यांचा समाचार घेऊ इच्छितो.

खोटा युक्तिवाद असा: शरीर हा आपला प्रांत नव्हे. आपण शब्दांची माणसे. आपल्या विनोदी वाङ्मयाने या समजुतीला बराच हातभार लावलेला आहे. चि. वि. जोशी यांनी भित्रा, किडकिडीत चिमणराव आणि त्याच्या जोडीला आडदांड गुंड्याभाऊ उभा केला, आणि सुशिक्षित मराठी वाचकाने स्वतःला निःशंकपणे चिमणरावात पाहिले. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' वाचून वजन कमी करण्याचा प्रत्येक बेत हास्यास्पदच असतो अशी आपण खूणगाठ बांधली. दोष लेखकांचा नाही. त्यांनी स्वतःवर हसण्याची मुभा दिली. आपण तिचा वापर हातपाय न हलवण्याचा परवाना म्हणून केला.

पण ही परंपरा इतकी जुनी आहे काय? टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामात घालवले आणि ते वर्ष वाया गेले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ज्याने पुढे 'गीतारहस्य' लिहिले त्याला हा व्यवहार तोट्याचा वाटला नाही, हा तिचा उत्तरार्ध मात्र आपण विसरतो. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत आणि त्यांनीच औंधला संग्रहालय उभारले. मराठीत दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून 'व्यायामज्ञानकोश' काढला, तो एक-दोन नव्हे, दहा खंडांचा. ज्या भाषेत व्यायामाचा दहा खंडांचा कोश होतो, त्या भाषेच्या अभ्यासकांनी 'हा आमचा प्रांत नव्हे' म्हणावे, यात अभिजातता नाही, विस्मरण आहे.

आता त्या फिरायला जाण्याविषयी. फिरणे उत्तम. ज्यांना ते जमते त्यांनी ते सोडू नये. पण फिरणे हे सर्व व्यायामांचे काम करते, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि तिच्या जोडीला आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. आपण पहिले वाक्य वाचतो आणि दुसऱ्यापाशी पुस्तक मिटतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पायी फिरण्याने हृदयाचे भले होते. पण जमिनीवरून उठणे, वरच्या फळीवरचा शब्दकोश काढणे, घसरता घसरता स्वतःला सावरणे, यांसाठी जे बळ लागते ते केवळ फिरून राखता येत नाही.

आम्हांला हे पुस्तकातून कळले नाही. ज्यांच्यापाशी आम्ही संतसाहित्य शिकलो, त्या आमच्या प्राध्यापकांकडे निवृत्तीनंतर जाणे होत असे. ते रोज दोन मैल फिरत. एके दिवशी त्यांनी खालच्या कप्प्यातली पोथी काढण्यासाठी जमिनीवर बैठक मारली आणि पोथी हाती आल्यावर त्यांना उठता येईना. आम्ही हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो धरला, पण आमच्याकडे पाहिले नाही. पुढच्या खेपेस गेलो तर खालचे दोन्ही कप्पे रिकामे होते. पोथ्या कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, आणि ग्रंथसंग्रह मात्र गुडघ्यांच्या वर जेवढा उरेल तेवढाच. शरीर हा आपला प्रांत नव्हे असे म्हणणाऱ्यास आम्ही त्या कपाटापुढे उभे करू इच्छितो.

आणि हे टळण्यासारखे असते. बॉस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांच्या बळाचा, वजने वाढवीत नेण्याचा व्यायाम देण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या ९ जणांनी तो पुरा केला त्यांचे पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीत जे होते ते पंचेचाळिशीत होणार नाही असे मानण्यास काही आधार नाही. (ज्यांना हृदयविकार, रक्तदाब वा सांध्यांचे दुखणे आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, हे सांगणे न लगे, पण पुष्कळदा तोच डॉक्टर जा म्हणतो आणि रुग्णच जात नाही.)

दुसरा युक्तिवाद अर्धा खरा आहे: लोक बघतात. हा युक्तिवाद चारचौघांत कोणी बोलून दाखवत नाही, पण खरा अडसर तोच असतो. आरशांनी मढवलेल्या भिंती, ओळखीचा एकही चेहरा नाही, प्रत्येकाला काय करायचे ते ठाऊक आहे आणि आपणच काय ते खांबासारखे उभे. येथे मानसशास्त्राचा एक प्रयोग आठवावा. कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालताना संकोच वाटावा असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या साधारण निम्म्या जणांच्या तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो जेमतेम पाव जणांच्या लक्षात आला होता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे तात्पर्य बुजऱ्या माणसाने जिमच्या दारात मनाशी म्हणावे असे आहे: बघणारे आहेत, पण तू समजतोस त्याच्या निम्मेच.

तरीही हा युक्तिवाद आम्ही खोटा म्हणत नाही, कारण उरलेले निम्मे असतातच. स्त्रियांना ते अधिक ठाऊक आहे. शिवाय रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ सालीच मांडले होते, की प्रेक्षक असले म्हणजे अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते आणि नवे काम अधिक बिघडते. म्हणजे नवख्याचा गोंधळ ही त्याच्या स्वभावातली खोट नव्हे. तो नवखेपणाचाच भाग आहे. 'लाजतोस कसला' असे म्हणणे येथे निरर्थक ठरते. उपाय व्यावहारिक आहेत. गर्दीची वेळ टाळावी. पहिल्या महिन्यात चार-पाच हालचालींपलीकडे जाऊ नये. त्या कोणाकडून तरी समोर उभे राहून शिकून घ्याव्यात आणि त्याच पुन्हा पुन्हा कराव्यात, म्हणजे नवे काम लवकरच जुने होते.

आणि हे शिकणे आहे, हा येथे कळीचा मुद्दा. मोरितानी आणि डेव्हरीस यांनी १९७९ साली दाखवून दिले, की वजने उचलू लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढते ते मुख्यतः स्नायू वाढल्यामुळे नव्हे, तर मज्जासंस्थेला असलेले स्नायू नीट वापरता येऊ लागल्यामुळे. म्हणजे सुरुवातीला दंड वाढत नाही, वाचन सुधारते. अक्षरे तीच; ती जोडता येऊ लागतात. 'अजून काही दिसत नाही बुवा' म्हणणाऱ्या मित्रास हे उत्तर पुरावे.

आमचा स्वतःचा पहिला दिवस असा गेला: एका यंत्राची बैठक खालीवर कशी करतात ते कळेना, म्हणून आम्ही पाच मिनिटे पाणी पिण्याचे नाटक केले. मग विशीतला एक मुलगा आला. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि वर्षभर तोंड उघडत नाहीत, तशांपैकी दिसत होता. त्याने खीळ ओढली, बैठक खाली केली, आणि नंतर आम्ही बैठका मारू लागलो तेव्हा म्हणाला, "सर, कंबर वाकवू नका. मागं खुर्ची आहे असं समजा आणि बसा." तो हसला नाही. आम्ही चुकलो, तेव्हा त्याच स्वरात पुन्हा सांगितले. घरी येताना आम्हांला आठवत राहिले, की आमच्या वर्गात उभे राहून कविता वाचताना ज्यांचा 'न' आणि 'ण' चुकला, त्यांना आम्ही किती वेळा न हसता सुधारले आणि किती वेळा हसून.

शिक्षकांनी जिममध्ये जावे याचे आमच्या दृष्टीने हे स्नायूंइतकेच मोठे कारण आहे. आपण वीस-पंचवीस वर्षे ज्या विषयात मुरलेलो असतो, त्यात इतरांना नवखे म्हणून उभे करतो आणि त्यांच्या भीतीला आळस समजतो. आपण स्वतः शेवटचे नवखे कधी होतो? जेथे आपले शब्द चालत नाहीत, पदव्या चालत नाहीत, आणि विशीतला मुलगा आपल्याहून जाणता असतो, अशी एक जागा आठवड्यातून काही तास प्रत्येक अध्यापकाच्या वाट्याला यावी.

यावर साहित्याच्या अंगाने एक आक्षेप येईल: ही वाट आत्मपूजेकडे जाते. युकिओ मिशिमा यांचे उदाहरण दिले जाईल. त्यांनी १९५५ साली, तिशीत, वजने उचलण्यास आरंभ केला, त्यातून 'सूर्य आणि पोलाद' हा दीर्घ निबंध १९६८ साली आला आणि १९७० साली त्यांनी आत्मघात केला. सॅम्युएल फसेल यांचेही देता येईल. साहित्याचे हे ऑक्सफर्डचे पदवीधर न्यूयॉर्कच्या रस्त्यांना घाबरून जिममध्ये शिरले, स्नायूंचे चिलखत चढवत स्पर्धांपर्यंत गेले, आणि त्यातला पोकळपणा जाणवून बाहेर पडल्यावर १९९१ साली 'मसल' हे पुस्तक त्यांनी लिहिले. दोन्ही उदाहरणे खरी आहेत. पण ती टोकाची आहेत, आणि आपल्या बुजऱ्या नवख्याला धोका त्या टोकाचा नाही. तो मिशिमा होणार नाही. तो तिसऱ्या दिवसापासून जायचा बंद होणार आहे. आम्हांला त्यापेक्षा कॅथी अ‍ॅकर या कादंबरीकर्तीची साक्ष मोलाची वाटते. व्यायामाची रोजनिशी लिहायची असे ठरवूनही त्यांना ती लिहिता येईना, कारण तेथे भाषा आकड्यांपुरती उरते: एक, दोन, तीन, आणि श्वास. शब्दांच्या माणसाला दिवसातून एक तास अशी निःशब्दता मिळणे, ही आम्हांला आत्मपूजा वाटत नाही.

तिसरा युक्तिवाद पूर्ण खरा आहे: जिम हा न येणाऱ्यांच्या पैशांवर चालणारा धंदा आहे. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातील ३ जिममधल्या ७,७५२ सभासदांची नोंद तपासली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचे शीर्षकच 'जिमला न जाण्यासाठी पैसे मोजणे' अशा अर्थाचे आहे. महिन्याला ७० डॉलरांहून अधिक भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत, म्हणजे खेपेला १७ डॉलरांहून अधिक पडत. तेथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. आपण भविष्यातल्या स्वतःविषयी जी कल्पना करतो, तिचे हे मोल. आमच्या गावातली परिस्थिती निराळी नाही. चौकशीस गेलो तेव्हा टेबलामागच्या तरुणाने आम्हांला एका यंत्रावर उभे केले, चरबीचा आकडा कागदावर छापून हाती दिला, आमचा चेहरा पुरेसा उतरल्याची खात्री करून घेतली, आणि मग वर्षाचे पैसे आजच भरल्यास किती सवलत मिळेल ते सांगितले. 'पर्सनल ट्रेनिंग'चे दर वेगळे. ज्या शरमेमुळे माणूस वर्षानुवर्षे दाराबाहेर राहतो, तिचेच आत गेल्यावर भांडवल केले जाते. याचा आम्ही निःसंदिग्ध निषेध करतो.

पण धंदा लबाड आहे, म्हणून घरी बसावे हा निष्कर्ष कसा निघतो? प्रकाशनव्यवसाय सचोटीचा आहे म्हणून आपण पुस्तके वाचतो असे थोडेच आहे! धंद्याशी धंद्यासारखे वागावे. वर्षाचे पैसे भरू नयेत, सवलत कितीही असो. महिन्याचे भरावेत. कौशल आणि ऱ्होड्स यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या, जिमच्या १११ नव्या सभासदांवरील अभ्यासात सवय जडण्यास साधारणपणे आठवड्यातून ४ वेळा, सलग ६ आठवडे जावे लागते असे आढळले. तेव्हा दोन महिन्यांचा करार स्वतःशी करावा. त्यानंतरही नकोसे वाटले तर खुशाल सोडावे. दोन महिन्यांत शिकलेली बैठक घरीही मारता येते. मात्र सहा आठवड्यांच्या आत दिलेला निकाल हा पुस्तकाच्या वेष्टणावरून लिहिलेल्या परीक्षणासारखा समजावा.

उरला तो जुन्या तालमींचा उमाळा. जिमचा विषय निघाला की कोणीतरी लाल माती, मुद्गल आणि मल्लखांब यांची आठवण काढतोच. आम्हांलाही त्या परंपरेचा अभिमान आहे. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि खासबाग मैदान उभे राहिले. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. पण आपल्या नवख्याच्या बाजूने विचारू: तालीम त्याच्यासाठी होती काय? बहुतेक तालमींच्या उंबऱ्याच्या आत स्त्रीला प्रवेश नव्हता. चाळिशीत पहिल्यांदा येणाऱ्याची तेथे कल्पनाच नव्हती. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. या ५७ टक्क्यांना लाल मातीच्या आठवणी काय कामाच्या? शिवाय शुद्ध व्यवहाराची गोष्ट अशी, की जोर मारताना स्वतःच्या देहाचा मोठा भार हातांवर पेलावा लागतो, आणि नवख्याला पहिला जोरही जमत नाही. तेथे परंपरा त्याला नापास करते. यंत्र मात्र पाच किलोंपासून सुरुवात करू देते आणि उद्या साडेसात. या एका बाबतीत हे कुरूप यंत्र परंपरेहून दयाळू आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

तालमीकडून घ्यायचे ते निराळे आहे. तेथे नवख्याला एक जागा होती. तो येई, माती खणे, थोरांना नमस्कार करी, आणि वस्ताद त्याला नावाने हाक मारी. तो कच्चा आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि त्यात कोणाला नवल वाटत नसे. आजच्या जिममध्ये नवख्याला पावती मिळते, जागा मिळत नाही. ती त्याने मागून घ्यावी. पहिल्याच दिवशी तेथल्या प्रशिक्षकास स्पष्ट सांगावे, की आम्हांला काही येत नाही, आम्हांला चार गोष्टी शिकवा. हे वाक्य उच्चारणे अवघड असते. आमच्या अनुभवात तेथले सर्वांत जड वजन तेच.

'तालीम' हा शब्दच मुळात शिक्षणाचा आहे. अरबीतून आला तेव्हा त्याचा अर्थ शिकवणे असा होता. मराठीने त्यात कुस्तीचा आखाडाही बसवला आणि नाटकाची पूर्वतयारीही. नाटकाच्या तालमीत नट अडखळला तर आपण त्याला हसत नाही, कारण अडखळण्यासाठीच ती असते. तीच सवलत आपण चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, घाबरलेल्या आपल्या मित्रास देणार आहोत की नाही, एवढाच आमचा या मंडळींना प्रश्न आहे. आणि त्या मित्रास एक सूचना: येत्या सोमवारपासून जाण्याचा निश्चय करू नये. सोमवारी सगळेच निश्चय करून आलेले असतात आणि फार गर्दी असते. मंगळवारी जावे, दुपारी तीनच्या सुमारास. तेव्हा तेथे आम्ही असतो.